गळ्यातली गाठ पुन्हा पुन्हा का येते?



पावसाळा लागला की दवाखान्यात सर्दी, खोकला आणि घसा दुखणाऱ्यांची रांग लागते. त्या रांगेत कधीतरी असे एखादे मूल येते की, ते मान खाली घालून बसलेले असते. मान वर करायला सांगितले तर रडते. पाण्याचा घोट गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी येते. आई म्हणते, "गालफुगी असेल." शेजारीण म्हणते, "टॉन्सिल सुजले असतील." बहुतेक वेळा दोघींपैकी एकीचे खरे निघते. परंतु क्वचित तिसरेच दुखणे असते. ते म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेल्या थायरॉईड ग्रंथीत जंतू शिरून पू होणे. हे दुखणे विरळा आहे. पण जिथे होते तिथे ते ओळखले गेले नाही तर फार छळते, आणि प्रसंगी जिवावरही बेतते. म्हणून आजचा लेख या दुखण्यावर.

काही वर्षांपूर्वी चौथीत शिकणाऱ्या एका मुलीला घेऊन तिची आई व आजी माझ्याकडे आल्या. मुलीला ताप होता, आणि गळ्याच्या डाव्या बाजूला लालसर, गरम, लिंबाएवढी सूज होती. आजीने आंबेहळद उगाळून लेप दिला होता. त्याचा पिवळा डाग मानेवर तसाच होता. आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ही तिसरी वेळ. दर खेपेला बरी होते, आणि पुन्हा येते. हिच्या नशिबातच गाठ आहे का?"

दुसऱ्या वेळी ती मुलगी माझ्याकडेच आली होती, हे मला आठवले. तेव्हा मी गोळ्या लिहून दिल्या, गाठ मऊ पडल्यावर पू काढायला रुग्णालयात पाठवले, जखम भरली आणि मीही समाधान मानले. गाठ पहिल्यांदाच आली आहे की आधी कधी आली होती, हे मी विचारले नव्हते. पण त्या माउलीने सारे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. पहिला कागद मुलगी सहा वर्षांची असतानाचा, दुसऱ्या डॉक्टरांचा. तिन्ही वेळा आधी सर्दी, मग ताप, मग गळ्याची डावी बाजू. कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दुखण्याचे नाव समोर आले. ते नशीब नव्हते. मुलीच्या घशातून त्या ग्रंथीकडे जाणारी एक जन्मजात वाट उघडी राहिली होती.

ही ग्रंथी कुठे असते?

कंठमण्याच्या जरा खाली, श्वासनलिकेला पुढून बिलगून, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी ही ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला अवटू ग्रंथी म्हणतात. मोठ्या माणसात तिचे वजन साधारण १५ ते २५ ग्रॅम असते. आपण खातो त्या मिठातले आणि अन्नातले आयोडीन घेऊन ती शरीराचा वेग ठरवणारा रस तयार करते. तो कमी झाला तर माणूस सुस्तावतो, जास्त झाला तर छाती धडधडते आणि वजन उतरते. आयोडीन कमी पडून ही ग्रंथी वाढते, त्याला आपण गलगंड म्हणतो. गलगंड सावकाश वाढतो आणि दुखत नाही. आजचे दुखणे त्याहून अगदी वेगळे आहे.

शरीरात कुठेही गळू होऊ शकते, मग या ग्रंथीत ते इतके क्वचित का होते? थायरॉईडच्या शंभर दुखण्यांत एकसुद्धा असे पुवाचे नसते. याचे कारण निसर्गाने तिची राखण चांगली केली आहे. तिच्याभोवती मजबूत वेष्टण आहे, त्यामुळे शेजारच्या भागातला संसर्ग सहसा आत शिरत नाही. तिला रक्ताचा पुरवठा भरपूर आहे, आणि रक्ताबरोबर जंतूंशी लढणाऱ्या पेशी येतात. घाण वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्याही पुष्कळ आहेत. शिवाय तिच्यात आयोडीनचा साठा असतो, आणि आयोडीन जंतूंना मारक असते. जखमेवर आयोडीनचे औषध लावतात ते याच गुणामुळे.

इतका बंदोबस्त असताना पू झाला, तर एक प्रश्न विचारलाच पाहिजे. जंतू आत आले कुठून? नुसता पू काढून हा प्रश्न सुटत नाही. या लेखात सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे.

लहान मुलांमधली चोरवाट

मूल आईच्या पोटात असताना, अगदी पहिल्या काही आठवड्यांत, त्याच्या मानेच्या जागी घड्या आणि खळगे तयार होतात. त्यांतूनच पुढे घसा आणि मानेतल्या काही ग्रंथी घडतात. काम झाले की हे खळगे बुजून जातात. एखाद्या मुलात त्यांतला एक पूर्ण बुजत नाही, आणि दोऱ्यासारखी बारीक नळी शिल्लक राहते. तिचे तोंड घशात, स्वरयंत्राच्या बाजूच्या खोलगट जागेत उघडते, आणि दुसरे टोक थायरॉईडजवळ किंवा थायरॉईडमध्ये जाऊन थांबते. घशातल्या त्या खोलगट जागेवरून आपले अन्न, पाणी, लाळ सारे जात असते. मुलाला सर्दी झाली, घसा आला की तिथले जंतू या नळीतून उतरतात आणि बंदोबस्त असलेल्या ग्रंथीत मागच्या दाराने शिरतात.

ही नळी बहुतेक करून डाव्या बाजूला असते. दहा मुलांत साधारण नऊ जणांची डावीच बाजू निघते. म्हणून लहान मुलाच्या गळ्यात पुढे, डाव्या बाजूला, तापासह दुखरी सूज आली, आणि विशेषतः ती फिरून आली, तर या वाटेचा संशय घ्यायचा असतो. थायरॉईडमध्ये पू होण्याचे हे कारण १९७९ साली जपानी डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. त्यापूर्वी अशा मुलांच्या मानेवर पुन्हा पुन्हा चिरा पडत, पण गाठ परत का येते ते कळत नसे. आज हे कारण पुस्तकात आहे. तरीही दुखणे विरळा असल्यामुळे पहिल्या खेपेला ते निसटू शकते. माझ्या हातूनही निसटले.

मोठ्या माणसांत

मोठ्या माणसातही ही नळी क्वचित सापडते. पण मोठेपणी बहुधा कारण दुसरे असते. मधुमेह आटोक्यात नाही, एच. आय. व्ही.मुळे प्रतिकारशक्ती घटली आहे, कर्करोगाची औषधे चालू आहेत, किंवा किडनी बदलल्यानंतर प्रतिकार दाबणाऱ्या गोळ्या चालू आहेत, अशा माणसांत शरीरात इतरत्र असलेला संसर्ग रक्तातून थायरॉईडपर्यंत पोहोचतो. ज्यांना आधीपासून गलगंड किंवा थायरॉईडची गाठ आहे त्यांना धोका जरा अधिक. जंतू बहुधा त्वचेवर आणि घशात नेहमी आढळणारेच असतात. प्रतिकारशक्ती फार घटलेल्या माणसात बुरशीचा संसर्गही होतो. क्षयरोगही या ग्रंथीत होऊ शकतो, पण तो सावकाश चालतो आणि फारच विरळा आहे.

फरक कसा ओळखावा?

घरच्या माणसांनी रोगाचे निदान करावे असे मी म्हणत नाही. पण कोणत्या सुजेला थांबायचे नाही, एवढे कळले पाहिजे.

गालफुगीत सूज कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर असते. पुष्कळदा ती दोन्ही बाजूंना येते आणि आठ-दहा दिवसांत उतरते.

टॉन्सिलचे दुखणे घशाच्या आत असते. तोंड उघडून बघितले तर लालसर, कधी पांढरे ठिपके असलेले टॉन्सिल दिसतात.

गंडमाळा म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय. या गाठी मानेच्या बाजूला, एकापेक्षा अधिक, आठवडेन्‌आठवडे हळूहळू वाढतात. सुरुवातीला त्या फारशा दुखत नाहीत.

थायरॉईडमध्ये पू झाला तर सूज गळ्याच्या पुढच्या भागात, कंठमण्याच्या खाली, बहुधा एका बाजूला असते. ती काही दिवसांत वाढते. हात लावू देत नाही. वरची कातडी लाल व गरम होते. ताप, थंडी, गिळताना कळ, कधी आवाज बसणे ही लक्षणे असतात. कळ जबड्याकडे किंवा कानाकडे जाते. मान मागे केली की दुखणे वाढते, म्हणून रुग्ण हनुवटी छातीकडे झुकवून बसतो.

आता एक महत्त्वाचा फरक. थायरॉईड दुखते म्हणजे आत पू आहेच असे नाही. त्याहून पुष्कळ अधिक वेळा आढळते ती बिनपुवाची सूज. सर्दी-तापासारखा विषाणूचा आजार होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी ही ग्रंथी सुजते आणि दुखते. त्यात ताप येतो, छाती धडधडते, हात थरथरतात. दुखणे एका बाजूने सुरू होऊन कधी दुसऱ्या बाजूला सरकते. हा आजार मध्यम वयाच्या स्त्रियांत अधिक दिसतो. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ द केरव्हँ यांचे नाव त्याला मिळाले आहे. २०२० साली कोरोनाच्या साथीत, कोरोना होऊन गेल्यावर अशी सूज आलेली रुग्ण इटलीतल्या पिसा येथील डॉक्टरांनी नोंदवली, आणि नंतर इतर देशांतूनही तशा नोंदी आल्या.

हा फरक का सांगतो? कारण दोघांचे औषध एकमेकांच्या उलट आहे. बिनपुवाच्या सुजेला जंतुनाशक गोळ्यांचा उपयोग नाही. तिला दुखणे व सूज कमी करणारी औषधे लागतात, आणि दुखणे फार असेल तर डॉक्टर स्टेरॉईड देतात. त्याने एक-दोन दिवसांत आराम पडतो. पण आत पू असताना केवळ स्टेरॉईड दिले तर ताप उतरतो, दुखणे दबते, रुग्णाला बरे वाटते, आणि आत जंतू मोकाट वाढतात. "एक सुई द्या, लगेच उतरली पाहिजे" असा आग्रह आपल्याकडे धरला जातो. गळ्याच्या सुजेत तरी तो धरू नका. कोणती सुई दिली, हे कागदावर लिहून घ्या.

तपासणी आणि उपचार

पहिली तपासणी सोनोग्राफीची. ती दुखत नाही, आणि सूज थायरॉईडची आहे की शेजारच्या गाठीची, आत पू साठला आहे का, हे तिच्यात बहुधा कळते. पू दिसला तर सुईने थोडा ओढून प्रयोगशाळेत पाठवतात. कोणते जंतू आहेत आणि त्यांना कोणते औषध लागू पडेल, हे त्यावरून ठरते. सुईला लोक घाबरतात, पण पुढचे सारे औषध त्या चार थेंबांवर ठरते. रक्ताच्या तपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात. थायरॉईडचा रक्ताचा रिपोर्ट मात्र या पुवाच्या आजारात बहुधा ठीक येतो. "थायरॉईड नॉर्मल आहे, म्हणजे दुखणे थायरॉईडचे नाही" असा अर्थ काढू नये. पू किती खोल पसरला आहे हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन लागतो.

उपचार रुग्णालयात दाखल करूनच होतात. जंतुनाशक औषधे सुरुवातीला शिरेतून देतात. पू जास्त असेल तर तो सुईने ओढून किंवा चीर देऊन काढतात. ताप उतरला, सूज बसली, म्हणजे घरी सोडतात, पण गोळ्या सांगितलेले सर्व दिवस घ्यायच्या असतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून उरलेल्या गोळ्या धाकट्यासाठी डब्यात ठेवून देणे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्याने या मुलाचे दुखणे अर्धवट राहते, आणि त्या धाकट्याचेही भले होत नाही.

आणि इथेच पुष्कळ जण थांबतात. गाठ गेली, मूल शाळेत जाऊ लागले, आता कशाला जायचे? परंतु मुलाच्या बाबतीत खरी तपासणी यानंतर असते. सूज असताना ती बारीक नळी दबलेली असते आणि दिसत नाही. म्हणून साधारण ६ ते ८ आठवड्यांनी मुलाला बेरियम नावाचे पांढरे दाट औषध गिळायला देऊन एक्स-रे काढतात. नळी असेल तर औषध तिच्यात उतरते आणि फोटोत पांढरी रेघ दिसते. एक्स-रेत दिसली नाही तरी संशय असेल तर भूल देऊन दुर्बिणीने घशात पाहतात आणि नळीचे तोंड शोधतात.

नळी सापडली तर ती बंद करावी लागते. पूर्वी मान उघडून ती संपूर्ण काढत. ही शस्त्रक्रिया आजही काही रुग्णांत करतात. त्यात आवाजाची नस जवळ असल्याने फार जपावे लागते. आता पुष्कळ ठिकाणी तोंडावाटे दुर्बीण घालून नळीचे तोंड विजेच्या उपकरणाने किंवा विशिष्ट आम्लाने डागून बंद करतात. बाहेर चीर नाही, मानेवर व्रण नाही. एखाद्याला हे पुन्हा करावे लागते, पण बहुतेक मुलांची गाठ नंतर येत नाही.

मुलगी असली की घरात एक वाक्य हमखास ऐकू येते, "गळ्यावर व्रण राहिला तर पुढे लग्नाचे काय?" या भीतीपायी तपासणी टाळली जाते. वास्तविक दर खेपेला पू फुटून किंवा चीर देऊन जे व्रण पडतात, ते एका नीट केलेल्या उपचारापेक्षा अधिक असतात. आणि लग्नाआधी मुलीचा जीव आहे.

घरी काय करू नये

सुजेवर बिब्बा घालू नये. डाग देऊ नये. चुना-गुळाचा लेप, गरम पोटीस, जोरात चोळणे हे सारे टाळावे. कातडी भाजली तर डॉक्टरांना खालची सूज नीट तपासता येत नाही. घरातल्या सुईने किंवा ब्लेडने गाठ फोडणे तर महाधोक्याचे. तिथे बोटभर अंतरावर मोठ्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका आहे. गंडा-दोऱ्याने चामडी भाजत नाही, पण दिवस जातात, आणि या दुखण्यात दिवस फार महाग आहेत. पू खाली छातीत उतरू शकतो, श्वासनलिकेत फुटू शकतो, रक्तात पसरू शकतो.

आजींना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. दवाखाना दूर आणि पैसा अपुरा होता तेव्हा लेप हाच त्यांचा दवाखाना होता. आता तशी परिस्थिती नाही, एवढेच.

ताबडतोब केव्हा निघावे?

गळ्याला सूज असताना श्वास घेताना आवाज येऊ लागला, थुंकीही गिळता येईना आणि लाळ गळू लागली, आवाज एकदम बसला, मूल निपचित पडू लागले, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान बाळाच्या मानेत सूज येऊन श्वासाला त्रास होत असेल तर तर अजिबात थांबू नये.

खर्चाच्या भीतीने थांबू नका. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात कान-नाक-घशाचा विभाग असतो. जिथे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू आहे, अशा रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर न्यावे, आणि आपल्या रुग्णाची शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे दाखल होतानाच त्याला विचारावे.

डॉक्टरांना विचारायला संकोच करू नका. पुढील चार प्रश्न कागदावर लिहून न्या :

१) ही सूज थायरॉईडची आहे का? सोनोग्राफी करावी का?

२) आत पू आहे का? तो तपासायला पाठवणार का?

३) घशातून आत येणारी वाट आहे का, हे केव्हा तपासायचे?

४) पुन्हा दाखवायला कोणत्या तारखेला यायचे?

आणि प्रत्येक कागद, प्रत्येक रिपोर्ट जपून ठेवा. ज्या बहिणींना लिहिता-वाचता येत नाही त्यांनीही ठेवावा. वाचायचे काम डॉक्टरांचे आहे, पण कागद समोर आला तर ना!

त्या मुलीला मी त्याच दिवशी चिठ्ठी देऊन मोठ्या रुग्णालयात पाठवले. चिठ्ठीत तिन्ही खेपांच्या तारखा लिहिल्या. पू सुईने काढला, शिरेतून औषधे दिली. दोन महिन्यांनी बेरियमच्या फोटोत डाव्या बाजूला ती बारीक पांढरी रेघ दिसली. भूल देऊन तोंडावाटे नळीचे तोंड बंद केले. त्यानंतर तीन पावसाळे गेले. सर्दी तिला होते, इतर मुलांसारखी होते. गाठ आली नाही.

मागच्या महिन्यात आजी स्वतःच्या गुडघ्यासाठी आल्या होत्या. निघताना म्हणाल्या, "डॉक्टर, पोरीचं नशीब नव्हतं हो वाईट. भोक होतं, ते बुजवलं." इतके पानभर लिहून मी जे सांगितले, ते आजींनी एका वाक्यात सांगितले.